आमी नावाचं खातं

आमच्या घरातल्या संगणकाचं नाव 'आमी' आहे. शाळेत शिकवतात तो 'आम्ही' वेगळा. सकाळी संगणक सुरू केला की पडद्यावर मधोमध एक गोल येतो आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत 'आमी' असं उमटतं. पाहुणे आले की हसतात. हसू द्या. हे नाव कुणी ठरवून ठेवलेलं नाही, पण ते बदला असं मला सांगण्यात आलं तेव्हा माझं टाळकं सरकलं.

संगणक माझ्या धाकट्या भावाने आणला. तो अकोल्याला धान्याच्या अडतीत कामाला आहे. तिथे नवे संगणक आले, जुने कुणालाही न्या म्हणाले, तेव्हा याने एक माझ्यासाठी उचलला. पडदा गोधडीत गुंडाळून आणि डबा मांडीवर घेऊन तो बसने अमरावतीला आला. जुनं सगळं पुसून त्याने यंत्रणा नव्याने घातली. भाषा कोणती ठेवू असं त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, मराठी. माझ्याच घरातल्या वस्तूशी मी इंग्रजीत कशाला बोलू?

मग पडद्यावर प्रश्न आला, हा संगणक कोण वापरणार आहे? खाली रिकामा चौकोन. भावाने प्रश्न मोठ्याने वाचला. सासूबाई पलीकडे सांबार निवडत बसल्या होत्या. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. शहराबाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा आहे आणि निवडायचं निम्मं काम घरातच होतं. त्यांना वाटलं, हा आपल्यालाच विचारतोय. मान वर न करता त्या म्हणाल्या, "कोन म्हंजे? आमी."

भावाने ऐकलं तसं टाइप केलं आणि पुढची कळ दाबली. तिथे एका माणसाचं नाव घालायचं असतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण घरात संगणक एकच, वापरणारे सगळे, आणि विचारलं त्याचं उत्तर मिळालेलं. आमच्याकडे एवढं पुरतं.

बरीच वर्षं त्या नावाने कुणाचं काही बिघडवलं नाही. वीजबिल भरलं गेलं, सासूबाईंची कीर्तनं ऐकून झाली, नवऱ्याने भाजीचे भाव पाहून रोज डोकं धरलं. आणि मग पुण्याहून ते काम आलं.

काम असं होतं. तिथली एक संस्था शेतकऱ्यांच्या फोनवर सकाळी सल्ला ऐकवते. पाणी कधी द्यायचं, फवारणी कधी थांबवायची, पाऊस कधी येऊ घातलाय. त्यांना तो सल्ला त्या त्या भागाच्या बोलीत हवा होता आणि वऱ्हाडातल्या बाईचा आवाज हवा होता. माझ्या एका मैत्रिणीने त्यांना माझं नाव कळवलं. त्यांनी नमुना मागितला. एक पानभर मजकूर, माझ्या बोलीत वाचून, त्यांच्याच ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करून शनिवारपर्यंत पाठवायचा. प्रोग्रॅम त्यांनी धाडला होता. तो फक्त घरच्या संगणकावर इन्स्टॉल करायचा होता. त्या 'फक्त'वर माझा पुढचा आठवडा गेला.

मला हे काम हवं होतं. फार हवं होतं, हे सरळ सांगते. कॉलेजात असताना मी वक्तृत्व स्पर्धेत बोलले होते आणि टाळ्या पडल्या होत्या. परीक्षक बाहेरगावचे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आवाज छान आहे, फक्त भाषा शुद्ध कर. मी 'मले' म्हटलं होतं, एकदाच, तेही रंगात येऊन. पहिला नंबर 'मला' म्हणणाऱ्या मुलीला गेला. तेव्हापासून मी व्यासपीठावर एक बोलते आणि स्वयंपाकघरात एक. आता पहिल्यांदा कुणी स्वयंपाकघरातली मागत होतं.

तर मी तो प्रोग्रॅम इन्स्टॉल करायला बसले. हिरवी पट्टी सरकायला लागली, थोडी पुढे गेली, थांबली, आणि लाल फुली घेऊन इंग्रजीत एक लांबलचक ओळ आली. फाइल सापडत नाही, पत्ता बरोबर नाही, असा तिचा भावार्थ. त्या ओळीत मधेच तीन प्रश्नचिन्हं होती. मला वाटलं, यंत्र गोंधळलंय आणि मलाच विचारतंय. मी खिडकी बंद केली आणि परत सुरुवात केली. पट्टी तिथेच अडली, फुली तीच, प्रश्नचिन्हंही तीच.

भावाला फोन केला. तो म्हणाला, बंद करून चालू कर. केलं. फाइल नीट उतरली नसेल, परत उतरव. उतरवली. अँटीव्हायरस अडवत असेल, घटकाभर बंद ठेव. ठेवला. उजवी कळ दाबून 'प्रशासक म्हणून चालवा' असं म्हण. म्हटलं. जागा कमी असेल, काहीतरी काढ. मी नणंदेच्या मुलाच्या लग्नाचा सबंध व्हिडिओ काढून टाकला, ज्यात चार तास नुसतं जेवण आहे. डिस्क हलकी झाली, माझंही मन थोडं हलकं झालं, पण पट्टी जिथे अडायची तिथेच अडली.

शेवटी संस्थेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिथल्या गृहस्थांचा आवाज फार सभ्य होता. राग येऊ नये इतका सभ्य. त्यांनी मला एक आकडा टाकायला लावला आणि पुण्यात बसून माझा पडदा बघायला लागले. बाण आपोआप इकडेतिकडे फिरू लागला. सासूबाई निवडायला घेतलेल्या शेंगा तशाच ठेवून जवळ येऊन बसल्या. "कोन घुसलं वो आपल्या घरात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुण्याचे भाऊ आहेत, दुरुस्ती करतायत. तरी त्या बाणावर नजर ठेवून बसल्या. उगाच कुठे हात घालू नये म्हणून.

गृहस्थांनी ती लाल फुलीची ओळ वाचली आणि विचारलं, "मॅडम, वापरणाऱ्याचं नाव काय आहे?"

"आमी."

"हो, तुम्हीच वापरता. पण खात्याला नाव काय दिलंय?"

"आमी."

"म्हणजे सगळे मिळून वापरता, ते कळलं मला. पण तिथे लिहिलंय काय?"

"आमीच लिहिलंय, भाऊ."

त्यांनी बाण नेऊन ते नाव स्वतः वाचलं. मग ते हसले, आणि मीही हसले, कारण तोवर माझा काही वाद नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं. संगणकात प्रत्येक खात्याचा एक फोल्डर असतो आणि खात्याला पहिल्यांदा दिलेलं नाव तेच फोल्डरचं नाव. त्यांच्या प्रोग्रॅमला इंग्रजी अक्षरं कळतात. मराठी अक्षर आलं की तो त्या जागी प्रश्नचिन्ह धरतो. आ, म आणि दीर्घ वेलांटी, अशी तीन. मग तो प्रश्नचिन्हांच्या नावाचा फोल्डर शोधत बसतो आणि तसला फोल्डर जगात कुठेच नसतो. "शिवाय," ते अगदी हळूच म्हणाले, "ते जरा चुकलंयही. आम्ही असं हवं."

ही शेवटची गोष्ट त्यांनी सांगायची गरज नव्हती.

उपाय सोपा होता. इंग्रजीत नवं खातं उघडायचं, काहीही नाव द्यायचं, यूजर वन म्हणा, होम म्हणा, आणि इथून पुढे त्यातच काम करायचं. त्यांनी आधी असलेलंच नाव बदलून पाहिलं. वर पाटी बदलली, आत फोल्डर 'आमी'च राहिला. तो नंतर बदलत नाही म्हणे, पहिल्या दिवशी जे पडलं ते पडलं. मला गंमत वाटली. मी त्यांना वरची पाटीही होती तशी करायला लावली आणि म्हटलं, नवं खातं नको, दुसरं काही असेल तर सांगा.

त्यांना समजेना. कामात कसलीच अडचण येणार नाही, पाच मिनिटांचं काम आहे, सगळे हेच करतात. आमच्या सूचनांच्या पानावर पहिलीच सूचना ती आहे, असंही ते म्हणाले. आणि मग जे बोलले ते त्यांनी अजिबात वाईट मनाने म्हटलेलं नव्हतं. "नुसतं नाव तर आहे, ताई. बदलायला काय हरकत आहे?"

इथे माझी प्रमाण मराठी संपली. मी म्हटलं, "तुमाले आमची बोली पाहिजे म्हून तुमी अमरावतीपर्यंत आले. आन् आमी नाव सांगतलं तं म्हनता, बदला. नाव चालत नाई तं आवाज तरी कायले पाहिजे?"

सासूबाईंनी मान डोलावली.  गृहस्थ पहिल्याइतक्याच सभ्यपणे म्हणाले की शनिवारपर्यंत नमुना यायला हवा, त्यापुढे त्यांच्या हातात काही नाही. बाण पडद्यावर एका जागी थांबला आणि मग माझ्या ताब्यात परत आला.

फोन ठेवल्यावर मला भीती वाटली. नाही कशाला म्हणू? वर्षानुवर्षं वाट पाहिलेलं काम एका खात्याच्या नावापायी घालवायला निघाले होते मी. नवरा जेवताना म्हणाला, कर ना एक खातं, कुणाला कळतंय. त्याचंही खरं होतं. पण मला कळत होतं. त्या परीक्षकांच्या वेळी मी मान हलवून 'हो सर' म्हटलं होतं, आणि तेव्हाही कुणाला काही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आधी त्यांच्या शुद्धलेखनाचा हिशेब केला. प्रयोग म्हणून नवं खातं उघडलं आणि त्याला नाव दिलं 'आम्ही'. पाय मोडलेला म, ह, वेलांटी, सगळं जिथल्या तिथे. त्या खात्यात जाऊन प्रोग्रॅम इन्स्टॉल करायला लावला. पट्टी तिथेच अडली. लाल फुली आली. आणि ओळीत प्रश्नचिन्हं किती? पाच. मी मोजली आणि एकटीच खदाखदा हसले. आमच्या अशुद्धाला तीन आणि पुण्याच्या शुद्धाला पाच. त्या प्रोग्रॅमच्या दारात दोघंही सारखेच उभे होते, उलट आमचं अशुद्ध दोन पावलं पुढे. ते खातं मी तिथल्या तिथे पुसून टाकलं.

मग शोधायला बसले. भाषांतराची कळ दाबून दाबून जगभरच्या तक्रारी वाचल्या. चीनमधला कुणी, तुर्कस्तानातली कुणी, पोलंडमधला कुणी, सगळ्यांनी आपापल्या अक्षरांत नाव घातलेलं आणि सगळ्यांची पट्टी मधेच अडलेली. आणि सगळ्यांना उत्तर एकच मिळालेलं, इंग्रजी नावाचं नवं खातं उघडा. मुकाट्याने उघडून आभार मानणारेच जास्त. मला त्या माणसांचा राग आला आणि लगेच कीवही आली. इतकी माणसं आपलं नाव बाहेर काढून ठेवतात आणि धन्यवाद म्हणतात.

अशाच एका लांबलचक चर्चेच्या तळाशी कुणीतरी वेगळं लिहिलं होतं. ते मी तीनदा वाचलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. प्रोग्रॅम इन्स्टॉल होताना थेट आपल्या जागी जात नाही. आधी आपलं सामान एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवतो, तिथे गाठोडं सोडतो, आणि मग आत जातो. लग्नाचं वऱ्हाड आधी जानोशावर उतरतं तसं. आणि आमचा जानोसा होता 'आमी' फोल्डरच्या आत. पाहुण्यांना दारावरची पाटी वाचता येत नव्हती आणि ते बँडबाजासकट रस्त्यातूनच माघारी फिरत होते. घराचं नाव बदलायची काही गरजच नव्हती. जानोसा तेवढा गावाबाहेर हलवायचा.

आता हे करायचं कुठे? त्यासाठीच्या खिडकीला आमच्या मराठी पडद्यावर पर्यावरण असं काहीतरी नाव दिलेलं होतं. मी ती यापूर्वी दोनदा पाहून सोडून दिली होती, झाडंबिडं लावायचं असेल म्हणून. आत तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता दोन ओळींत लिहिलेला. मी सी ड्राइव्हमध्ये अगदी उघड्यावर एक नवा फोल्डर केला आणि दोन्ही ओळींत त्याचा पत्ता घातला. फोल्डरला नाव दिलं जानोसा, इंग्रजी अक्षरांत. पाहुण्यांना वाचता यावं म्हणून. त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. पाहुण्याला त्याच्या भाषेत पाटी लावणं वेगळं आणि त्याच्यासाठी घरच्या माणसांची नावं बदलणं वेगळं.

संगणक बंद करून चालू केला. 'आमी' आलं. प्रोग्रॅमवर दोनदा टिचकी मारली. पट्टी निघाली, नेहमीच्या जागी आली, आणि पुढे गेली. सरळ शेवटपर्यंत गेली. मी ओरडले नाही. उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

नमुना रेकॉर्ड करायला दुपार निवडली, कारण तेव्हा गल्लीत भांडी आणि भोंगे जरा कमी असतात. कपाटाचं दार उघडून त्यातल्या रजयांपुढे माइक ठेवला, म्हणजे आवाज घुमत नाही, हे त्यांनीच कळवलं होतं. सासूबाईंना बजावलं की बोलायचं नाही. त्या पदराला हात पुसत बाजूला येऊन बसल्या. मजकूर पुण्याच्या मराठीत होता आणि वर टीप होती, आपल्या बोलीत वाचावे. मी कोथिंबिरीचं सांबार करून ठेवलं होतं. 'कपाशीचे झाड' खोडून पऱ्हाटी केलं होतं. 'पाणी देणे थांबवावे' याचं 'पानी तोडजा' केलं होतं. फक्त पहिल्या ओळीपाशी घोडं अडलं होतं. नमस्कार, मी आपल्या कृषी सल्ला सेवेतून बोलत आहे. ती माझ्या तोंडात बसेना. हे असं आमच्या मळ्यात येऊन कुणी बोललं तर लोक त्याला आधी पाणी विचारतील आणि मग काय विकायला आणलंय ते विचारतील.

प्रोग्रॅम उघडला. वर डाव्या कोपऱ्यात तो वापरणाऱ्याचं नाव दाखवतो. इन्स्टॉल झाला तरी त्याची खोड गेली नव्हती. नावाच्या जागी तीन प्रश्नचिन्हं होती, एकापुढे एक.

सासूबाई पुढे वाकल्या. त्यांना अक्षरं लागतात, पण चष्म्यावाचून नाही. "हे तीन इळे कायचे वो?" त्यांनी विचारलं. इळा म्हणजे विळा, आणि खरंच तसंच दिसतं ते चिन्ह. मी म्हटलं, विळे नाहीत आई, प्रश्नचिन्हं आहेत. हा प्रोग्रॅम आपलं नाव वाचू शकत नाही.

त्यांनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं. मग पहिल्या दिवशी भावाला सांगितलं होतं त्याच सुरात, जणू मीच उशीर करत होते, म्हणाल्या, "इचारून राह्यलं ना थे, कोन म्हून? मंग सांग."

मी लाल बटण दाबलं. कागदावरची पहिली ओळ सोडून दिली आणि म्हटलं, "आमी. अमरावतीहून बोलून राह्यलो."

नमुना शुक्रवारी गेला. सोमवारी त्याच सभ्य गृहस्थांचा फोन आला. काम मला मिळालं होतं. आवाज सगळ्यांना आवडला होता, बोलीही. पण आधी त्यांना हे जाणून घ्यायचं होतं की मी इन्स्टॉल कसं केलं. मी जानोशाची सगळी हकीगत सांगितली आणि त्यांनी ती लिहून घेतली. सूचनांच्या पानावरची पहिली सूचना काढून हे तिथे घाला, असं मी म्हटलं. त्यांनी वरिष्ठांना विचारतो म्हणून सांगितलं. ती सूचना अजूनही तिथेच आहे, पण तिच्या खाली आता माझी पद्धत आहे, दुसऱ्या नंबरवर. मी दर महिन्याला फोन करून विचारते की पहिली कधी निघणार. त्यांना माझा नंबर आता पाठ झाला असेल.

फोन ठेवताना ते थोडे घुटमळले. एकच लहानशी सुधारणा होती. सुरुवातीला मी जो शब्द म्हटला आहे तो मूळ मजकुरात नाही, आणि बोलणारी तर एकटीच आहे. ते 'आमी' काढून तेवढं 'मी' करता येईल का?

मी म्हटलं, "नाई, भाऊ."

  मग ते म्हणाले, बरं, राहू द्या.

आता सकाळी आमच्या गावांमध्ये फोन वाजतात. मळ्यात, गोठ्यात, चहाच्या टपरीवर लोक ते उचलतात आणि सवयीने म्हणतात, कोन? पलीकडून माझा आवाज येतो, आमी.